आखाजीला काढलेलं काम

आमच्या धाकट्या मेहुणीचं, विमलचं, तिसरं स्थळ मोडलं तेव्हा मध्यस्थानं आणलेला निरोप असा होता: "मुलगी पसंत आहे, घर पसंत आहे, माणसंही चांगली आहेत. पण आम्हाला मुलगा जावई म्हणून द्यायचा आहे, सालदार म्हणून नाही."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आमच्याकडे त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी सुरू होतं. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात त्याही आखाजीलाच, आणि त्यांच्या मागोमाग जावई येतात. या दोन गोष्टींची आमच्या सासऱ्यांनी, नानांनी, अशी काही सांगड घालून ठेवली होती की तिचा बोभाटा पार तापीच्या पलीकडे गेला होता. निरोप ऐकून सासूबाईंनी, आम्ही सगळे त्यांना जिजी म्हणायचो, डोळ्याला पदर लावला. मी आणि माझे साडू दामूभाऊ माना खाली घालून बसलो. निरोप शब्दन्‌ शब्द खरा होता आणि आमच्या दोघांच्या तळहातांवर त्या वेळीही फोड होते.

नानांची असोद्याच्या शिवारात सहा एकर जमीन होती. दोन एकर केळी, बाकी कापूस आणि ज्वारी. माणूस उंच, काटक, रंगानं काळ्या मातीशी स्पर्धा करणारा. डोक्यावरची टोपी एका कानाकडे झुकलेली असायची, कारण त्या कानावर ते बिडी ठेवत आणि दिवसभर ती शोधत. तीन मुली. थोरली लीला, ती भुसावळला कारखान्यात फिटर असलेल्या दामूभाऊंना दिली. मधली कुसुम, ती धुळ्याच्या कचेरीत कारकून असलेल्या मला दिली. धाकटी विमल. मुलगा नाही. गावातले लोक हे वाक्य आवाज खाली घेऊन बोलत. नाना मात्र सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "पोरगा असता त त्याच्याशी भांडन झालं असतं. जावाई भांडत नाही, लाजतो."

आमच्या लाजण्यावरच त्यांचं सगळं शेत सुधारलं.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी गेलो तो टेरिलिनचा नवा शर्ट घालून. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या, अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेला झोका आणि त्यावर गाणी म्हणणाऱ्या मुली असं सगळं ऐकलं होतं. गावातले बाकीचे जावई पारावर पत्ते कुटत बसलेले मी येतानाच पाहिले होते. सकाळी चहा झाल्यावर नाना म्हणाले, "चाला, जवाईबुवा, वावर पाहून येऊ. हवा खाऊ."

वावरात दामूभाऊ आधीच एका दगडावर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला न कळणारं एक हसू होतं. नानांनी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुम्ही बसा. मी एवढं थोडकं करून घेतो." मग त्यांनी कुदळ उचलली आणि जो काही खणण्याचा प्रकार सुरू केला तो बघवत नव्हता. कुदळ तिरपी पडत होती. घाव एकीकडे, माती दुसरीकडे. दर दोन घावांनी कमरेवर हात ठेवून ते "आई वं" म्हणत. एक मोठा दगड त्यांनी मिठीत घेतला, अर्धा उचलला, पुन्हा ठेवला, माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "बसा, बसा. पाहुने तुम्ही. मी मेलो तरी चालीन."

मी तीन मिनिटं टिकलो. दामूभाऊ म्हणाले, त्यांच्या वेळी, बांध घालताना, ते पाच मिनिटं टिकले होते. संध्याकाळपर्यंत माझ्या शर्टाची पाठ काळी झाली होती आणि चार हात लांब, तीन हात रुंद खताचा खड्डा अर्धा झाला होता. मग तो पुरा करायचा म्हणून दुसरा दिवस, मग त्याच्या कडा दगडांनी बांधायच्या म्हणून तिसरा, चौथा. दोन दिवसांसाठी गेलेलो मी नवव्या दिवशी धुळ्याला परतलो. आमची आई दारातच माझे हात बघून किंचाळली. ती अस्सल अहिराणी बोलणारी बाई. "सासरवाडीले गयथा का खदानवर? बठ्ठा हात सोलाई ग्यात! मन्हा पोऱ्या जवाई शे का सालदार शे?" म्हणजे ज्या शब्दानं पुढं विमलचं स्थळ मोडलं, तो शब्द पहिल्यांदा आमच्याच घरात उच्चारला गेला होता.

त्याच वर्षी श्रावणात मी काही कामानं जळगावला गेलो होतो, तसाच पुढं असोद्याला गेलो. घरी कळलं नाना वावरात आहेत. जाऊन पाहतो तर गृहस्थ एकटे, धोतर वर खोचून, केळीला मातीची भर देत होते. फावडं असं चालत होतं की बघत राहावं. एका लयीत, एकही ढेकूळ वाया न जाता, कमरेवर हात नाही आणि "आई वं" नाही. मला पाहिल्याबरोबर त्यांनी फावडं उलटं धरलं. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी जी भीती बसली तिला आदर म्हणायलाही हरकत नाही.

नानांच्या सुधारणांचं वेळापत्रक पक्कं होतं. आखाजीला माती आणि दगडाची कामं, कारण पावसाच्या आत ती व्हायला हवीत. दिवाळीला लाकडाची, कारण तेव्हा जमीन ओली असते आणि खांब बसतात. पावसाळ्यात ते आमच्याशी फक्त बोलत, म्हणजे पुढच्या कामाची धमकी देत. कोणत्याही कामाला त्यांनी कधी मोठं म्हटलं नाही. सगळं "थोडकं"च असायचं. आणि कुठलंही काम पूर्ण झालं असं त्यांनी कबूल केलं नाही. आम्ही घाम पुसत उभे राहिलो की ते एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "जमलं. पन थोडकं राह्यलं." ते राहिलेलं थोडकं पुढच्या सणाला आमची वाट बघत असायचं.

एक मात्र होतं, केलेल्या कामाला ते आमचं नाव देत. बांधाला "दामूचा बांध" म्हणत. मी खणलेल्या खड्ड्याला "कुसुमच्या मालकाचा खड्डा" म्हणत. गावभर तेच नाव पडलं. अजूनही असोद्यात कुणी मला ओळखलं तर शेणखताच्या संदर्भात ओळखतं.

फाटकाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर येऊन अडलं. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत नानांनी वावराच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवायचं काढलं. तोवर काट्याच्या कुंपणातल्या एका भगदाडातून बैलगाडी आत जायची. मापासाठी नानांचा स्वतःचा अंबाडीचा दोर होता. त्याला हात-हातावर गाठी मारलेल्या होत्या आणि फूटपट्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गाडीच्या रुंदीला पाच गाठी आणि वर एक वीत, असं माप ठरलं. त्या सकाळी दामूभाऊंच्या हातून तो दोर विहिरीत पडला. गळ टाकून काढला, झटकला आणि लगेच कामाला घेतला. बाभळीचे दोन जाडजूड खांब तीन-तीन हात खोल पुरले, चुना-विटांनी पाया घट्ट केला. चार दिवसांनी चुना वाळला, फळ्या ठोकल्या, जिजींनी नारळ फोडला आणि नानांनी गाडी जुंपून फाटकाकडे आणली.

गाडी गेली नाही. आसाची दोन्ही टोकं दोन्ही खांबांना टेकली. वीतभर कमी.

नानांनी दोर आणून मोजलं. पाचव्या गाठीला दोर भलत्याच जागी येत होता. त्यांनी पुन्हा मोजलं, दामूभाऊंकडे पाहिलं, म्हणाले, "खड्डे तिरपे खनले तुम्ही." दामूभाऊ लोखंडातले कारागीर, त्यांना हा अपमान फार लागला. तीन वर्षं ते दर सणाला ओळंबा लावून खांब सरळ असल्याचं सिद्ध करायचे आणि नाना दर सणाला ते नाकारायचे. फाटक मात्र हलवलं नाही. गाडी पुन्हा भगदाडातून जाऊ लागली. फाटकाला कुलूप लावून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर नाना म्हणायचे, "चोराची गाडी बी येनार नाही."

दामूभाऊंनी याचं उट्टं काढायचं ठरवलं ते पाण्याच्या चारीत. पुढच्या आखाजीला विहिरीपासून केळीपर्यंत दगडाची चारी बांधायची होती. दामूभाऊंनी कारखान्यातून बुडबुड्याची पट्टी आणली, ती जी सपाटी दाखवते. नाना म्हणाले, एक तांब्या पाणी ओता, ते जिकडे जाईल तिकडे आपण जाऊ. दामूभाऊ म्हणाले, हे अडाण्याचं काम. आठ दिवस त्यांनी पोटावर झोपून दगडन्‌ दगड पट्टीवर बसवला. बुडबुडा सगळीकडे नेमका मधोमध. एवढी सपाट चारी अख्ख्या जिल्ह्यात नसेल. पाणी सोडलं तर ते दहा हात गेलं आणि तिथंच थांबलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे बघतंय.

नाना उकिडवे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी कधी पाहिला नव्हता. "दामूभाऊ, पानी बसून राह्यलं. सपाट म्हंजे सपाट! असं पानी मी जन्मात पाह्यलं नाही." पण पुढं ते एक शब्दही टोचून बोलले नाहीत. तांब्या आणला, स्वतः पुढं होऊन उतार काढत गेले आणि एका सकाळीत दगड पुन्हा बसवून पाणी केळीला पोचवलं. चारीचं नाव "दामूची चारी" हेच राहिलं. गावातल्या कुणालाही ती कुणी दुरुस्त केली हे त्यांनी सांगितलं नाही.

तर अशा या सगळ्या कामांची कीर्ती पसरत पसरत विमलच्या स्थळांपर्यंत पोचली. पहिल्या दोन स्थळांनी काहीबाही कारणं सांगितली. तिसऱ्यानं खरं सांगितलं. विमल त्या वेळी विशीच्या पुढं गेली होती. घरात हसतीखेळती, कामाला वाघीण, पण त्या निरोपानंतर ती गप्प झाली. चौथं स्थळ आलं ते सावद्याचं. मुलगा मधुकर, मॅट्रिक होऊन घरची केळीची शेती बघणारा. वडील वामनआबा, त्या भागातले मानी गृहस्थ. नात्यातल्या एका लग्नात विमलनं मधुकरला आणि मधुकरनं विमलला पाहिलेलं होतं. याहून जास्त कुणी काही सांगितलं नाही, पण आखाजीच्या आदल्या दिवशी विमल मला पाणी द्यायला आली आणि तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "भाऊजी, हे मोडलं ना, तर मी आता कोन्हासमोर पाटावर बसनार नाही. नानाले सांगा."

मी काय सांगणार? सांगितलं जिजींनी. त्यांनी नानांना देवापुढं उभं केलं आणि विमलच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यायला लावली, की पाहुणे सावद्याला परत जाईपर्यंत स्वतः अवजाराला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही. फावडी, कुदळी, पहार, घमेली सगळं कोठीच्या खोलीत बंद करून किल्ली जिजींनी कमरेला खोचली. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही जावई पारावर बसून पत्ते खेळलो. नाना आमच्या भोवती घिरट्या घालत होते. बिडी सोडलेल्या माणसासारखे त्यांचे हात सारखे काहीतरी शोधत होते. मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली.

पाहुणे एसटीनं आले. मुलगी दाखवणं झालं, पोहे झाले, चहा झाला. वामनआबा कमी बोलत. पांढरं शुभ्र धोतर, काळा कोट, हातात काठी. निघण्याआधी ते म्हणाले, "वावर दाखवा तुमचं. लय आयकलं हाये." ते वाक्य कुठल्या अर्थानं घ्यावं कुणाला कळेना. जिजींनी शेजाऱ्यांची दमणी आधीच मागून ठेवली होती. दमणी म्हणजे पाहुण्यांसाठीची हलकी, छपराची बैलगाडी. नाना म्हणाले भगदाडातून नेऊ. जिजी कडाडल्या. "याह्यले काट्यातून नेता का? फाटक कशाले केलं? दमनी लहान असते, जाते बरोबर."

दमणी अर्धी गेली. तीन पावसाळ्यांत ते खांब वरच्या बाजूनं थोडे आत कलले होते हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. बैल फाटकाच्या आत, चाकं फाटकात, आणि वामनआबा छपराखाली. दोन्हीकडे आसाचं टोक खांबात रुतलेलं. बैल पुढं ओढेनात, मागं सरेनात. मानी गृहस्थांना मागच्या बाजूनं, काठी आधी खाली टाकून, उलटं उतरावं लागलं. उतरताना कोटाचं एक बटण गेलं.

दामूभाऊ आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो. नाना हात मागं बांधून उभे, कुणी त्यांचे हात खरोखर बांधून ठेवले असावेत असे.

वामनआबा खांबांभोवती फिरले. काठीनं पाया ठोकून पाहिला. "हे फाटक कोन्ही केलं?"

नाना खोटं बोलत नसत. "जावायानं."

"कोनत्या जावायानं?"

"दोन्ही."

मी डोळे मिटले. विमलचं काय होणार हे मला दिसायला लागलं होतं. पण वामनआबा म्हणाले, "माप कशानं घेतलं?" नानांनी वावरातल्या खोपीतून दोर आणला. वामनआबांनी तो बोटांतून सरकवत पाहिला, नाकाशी नेला, म्हणाले, "तवा ओला व्हता का?"

"येहेरीत पडला व्हता त्या दिवशी," दामूभाऊ हळूच म्हणाले.

"अंबाडीचा दोर भिजला म्हंजे आखडते, नाना. वायला का पुन्हा लांब. माझ्या गोठ्याच्या दाराले असंच झालं."

"मंग म्हशी कशा नेता?"

"नाही नेत," वामनआबा म्हणाले. "बाहेरच बांधतो. आता सहा वर्षं झाली."

मग नाना दामूभाऊंकडे वळले आणि तीन वर्षांचं भांडण दोन शब्दांत मिटवलं. "चुकलं माझं." दामूभाऊंनी उगीचच बैलाची पाठ थोपटली.

एवढ्यात मधुकरनं वहाणा काढून बाजूला ठेवल्या, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "पहार आहे का?" नाना विंचू चावल्यासारखे मागं सरले. "नाही! हात लावू नका! तुम्ही नाही, कोन्हीच नाही. आन घेतली हाये म्या, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"कसली आन?" वामनआबांनी विचारलं. नानांनी सांगितली. सगळी सांगितली, तिसऱ्या स्थळाचा निरोपही सांगितला. वामनआबांचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा कठोर झाला.

"एक इचारू, नाना? सहा एकराचा धनी हाये तुम्ही. सालदार ठेवता येते तुम्हाले. मंग जावायाले काहून राबवता? मी याच्यासाठीच वावर पाहायले आलो. माझ्या पोराले काय सांगू मी?"

नानांनी फाटकाच्या खांबावर हात टेकला. बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"सालदाराले काम सांगतलं त काम व्हते, आबा. जावायाले सांगतलं त पोरगी आठ दिवस राहते. लीला पहिल्या आखाजीले आली, दोन दिवसांत गेली. दामूभाऊले बसून बसून कंटाया आला. तिची माय झोक्याचा दोर सोडत व्हती अन्‌ रडत व्हती. दुसऱ्या सालाले म्या बांध काढला. आठ दिवस राह्यली पोरगी. काम अर्धं टाकून मानूस जात नाही ना. मले दुसरं काही सुचलं नाही."

मला आठवलं, दर वर्षी रजेचा अर्ज वाढवताना मी कारण लिहायचो "घरगुती काम". आणि दर वर्षी परतीच्या बसमध्ये मी नानांच्या नावानं खडे फोडत असताना कुसुम खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली असायची. आठ दिवस आईच्या मांडीवर डोकं ठेवून आलेली बाई नवऱ्याच्या तळहातांबद्दल काय बोलणार? मला लाज वाटली, तीही चांगलीच. दामूभाऊ नाक शिंकरत होते आणि धुळीला दोष देत होते.

वामनआबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "माझी पोरगी सुरतेकडे देल्ली," ते म्हणाले. "दिवाळीले येते. एक दिवस. जावाई पेपर वाचतो, अन्‌ वाचून झाला का निंघतो." मग त्यांनी कोट काढला, झटकला, कुंपणावर टाकला. "मधू, पहार मागव."

"आन हाये माझ्यावर," नाना कासावीस होऊन म्हणाले.

"तुमच्यावर हाये. मी पाहुना हाये, मी माझ्या मर्जीनं करतो. तुम्ही सावलीत बसा."

किल्ली आणायला मी घरी धावलो. मला धापा टाकत आलेलं पाहून जिजी मटकन खाली बसल्या. "काढलं ना त्यांनी काम?"

"नानांनी नाही. व्याह्यांनी काढलं. किल्ली द्या."

जिजींना काही उमजेना. विमल आतून आली, आईच्या कमरेची किल्ली तिनं स्वतः ओढून काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "जा ना भाऊजी, उभे काय राह्यले!" त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

संध्याकाळपर्यंत एक खांब उपटून वीतभर सरकवला. वामनआबांचं धोतर काळ्या मातीनं भरलं. नाना सावलीत बसून आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचं खणणं बघत होते, आणि मधुकर कुदळ मारताना चुकला की त्यांचे हात हवेत आपोआप सरळ व्हायचे. पाहुण्यांची शेवटची एसटी चुकली. सुपारी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटली.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही तिघं जावई झालो. मधुकर आमच्या दोघांपेक्षा कामात फार पुढं, त्यामुळं कामं लवकर संपू लागली आणि नाना त्याच्यावर मनातून नाराज असायचे. वामनआबाही एखाद्या आखाजीला सुनेबरोबर यायचे, मापं घ्यायचे आणि नानांशी दोरावरून वाद घालायचे. आता आम्हाला कारण माहीत होतं, पण आम्ही ते एकमेकांत कधी बोललो नाही आणि नानांसमोर तर नाहीच. ते पूर्वीसारखेच कुदळ तिरपी मारायचे, "मी मेलो तरी चालीन" म्हणायचे, आणि आम्ही पूर्वीसारखेच तीन मिनिटांत उठायचो.

मी नानांना शेवटचं पाहिलं ती अशीच एक आखाजी. वावरातल्या मोठ्या निंबाभोवती दगडाचा गोल ओटा बांधायचं काम होतं. मधुकरच्या हातामुळं ते सहाव्या दिवशीच संपलं आणि त्या वेळी, कधी नव्हे ते, खरोखर काही राहिलं नव्हतं. नानांनी एक डोळा मिटून चारी बाजूंनी पाहिलं, तोंड उघडलं आणि त्यांना काहीच म्हणायला सापडलं नाही. सातव्या दिवशी सकाळी आम्ही सगळे निघालो. घरी निरोप घेतला, एसटीच्या थांब्यावर पोचलो, आणि माझ्या लक्षात आलं की मनगटावरचं घड्याळ काम करताना काढून निंबाच्या फांदीला अडकवलं होतं ते तिथंच राहिलं. गाडीला अवकाश होता. कुसुमला थांबायला सांगून मी वावराकडे वळलो.

फाटकापाशी आलो आणि थांबलो. नाना एकटेच ओट्यापाशी होते. टोपी नेहमीप्रमाणे एका कानाकडे कललेली. ते ओट्याच्या वरच्या थरातला एक एक दगड उचकटून काढत होते. हळू, आवाज न करता. काढलेला दगड ते फेकत नव्हते. अंगावरची माती हातानं पुसून बाजूला नीट रांगेत मांडत होते, पुन्हा लावताना कुणाला जड जाऊ नये म्हणून. मध्येच त्यांनी कमरेवर हात ठेवला. त्या वेळी तिथं बघायला कुणी नव्हतं, म्हणजे कंबर खरंच दुखत असणार. मला हसू आलं. मी पाऊल न वाजवता मागं फिरलो. कुसुमला सांगितलं, घड्याळ सापडलं नाही.

घड्याळ पुढं नानांनी धुळ्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवलं. सोबत निरोप होता, "वट्याचं थोडकं राह्यलं हाये. दिवाळीले या."

श्रावणात नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, तरी आम्ही तिघंही बायकामुलांना घेऊन गेलो. दगड त्यांनी ठेवले होते तसेच रांगेत होते. काम एका दिवसाचं होतं. आम्ही आठ दिवस लावले.